ऑटिस्टिक मुलांचा ऑनलाइन संवाद-वर्ग: पहिल्यांदाच नाव घालणाऱ्या गोव्यातल्या पालकांसाठी

हा लेख १२ ते १८ वयाच्या ऑटिस्टिक मुलामुलींच्या पालकांसाठी आहे. स्पीच थेरपिस्टने ‘सोशल स्किल्सचा ग्रुप लावून बघा’ असं सुचवलंय, कुणीतरी व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवलीय, आठवड्यातून एकदा लॅपटॉपवर वर्ग आहे, आणि पैसे भरायचे की नाही इथं तुम्ही अडकलाय असं धरून चालते. मी फोंड्यात विशेष शिक्षिका आहे. असे वर्ग घेतलेही आहेत आणि दुसऱ्यांच्या वर्गाला मुलं पाठवलीही आहेत. खाली ‘मुलगा’ लिहिलं तरी मुलगीही धरा. मुलींबद्दल वेगळं सांगण्यासारखं आहे ते पुढं येईल.

गोव्यात ऑनलाइनचा फायदा उघड आहे. थेरपी देणारी माणसं बहुतेक पणजी, पर्वरी, म्हापसा, मडगाव या पट्ट्यात. वाळपई किंवा काणकोणहून तासाभराच्या सेशनसाठी यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो आणि मूल पोहोचेपर्यंत दमून गेलेलं असतं. शिवाय एका तालुक्यात एकाच वयाची, साधारण एकाच पातळीची पाच-सहा मुलं जमवणं कठीण. पडद्यावर फोंड्याचा मुलगा कुडाळच्या आणि बेळगावच्या मुलांबरोबर बसू शकतो. पालकांच्या लक्षात न येणारा फायदा आणखी एक आहे. या मुलांपैकी बऱ्याच जणांना पडदा सोपा जातो. समोरचा माणूस ठरलेल्या चौकटीत असतो, तोंडानं बोलणं जमत नसेल तर चॅटमध्ये टाइप करता येतं, आवाज फार झाला तर कमी करता येतो.

पण पडद्यावर शिकलेलं पडद्यावरच राहतं. ते बसमध्ये, वाड्यावर, शाळेच्या मधल्या सुट्टीत उतरवायचं काम घरातल्यांचं. माझ्या हिशेबात वर्ग म्हणजे पाव काम.

पायरी १: मुलाला विचारा

ही पायरी सगळे गाळतात. फॉर्म आई भरते, ‘ध्येय’ या रकान्यात ‘लोकांत मिसळावं’ असं लिहिते, आणि मुलगा पहिल्या सेशनला खुर्चीत आणून बसवला जातो. चौदा वर्षांच्या कुठल्याही पोराला असं बसवलं तर तो काय करेल?

विचारताना ‘तुला मित्र हवेत का?’ असा मोठा प्रश्न नको. त्यावर ‘नको’ येईल किंवा काहीच येणार नाही. त्याच्या दिवसाला धरून विचारा. शाळेत सगळ्यात नकोसा वेळ कुठला? मधल्या सुट्टीत कुठं असतोस? वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चाललंय ते कळतं का? सरांना प्रश्न विचारायचा राहून जातो का? बोलून सांगता येत नसेल तर लिहून द्या, पर्याय द्या, ‘रोज / कधीकधी / कधीच नाही’ यावर खूण करू द्या. उत्तर लगेच मागू नका. दोन दिवसांनी जेवताना मध्येच उत्तर येतं, असं मी पुष्कळदा बघितलंय.

यातून दोन-तीन लहान गोष्टी हाती लागतात. ‘चिडवलं तर काय बोलायचं ते कळत नाही.’ ‘क्रिकेटची टीम पाडताना मला कुणी घेत नाही.’ ‘नको म्हटलं तरी लोक ऐकत नाहीत.’ हीच ध्येयं. ‘मिसळावं’ हे ध्येय नव्हे. ते मोजताही येत नाही आणि ते बहुतेक वेळा आपलंच असतं. एखादा मुलगा सुट्टीत वाचनालयात एकटा बसून खूश असेल, तर त्याला तिथून उठवायचं कारण नाही.

याच ठिकाणी एक समजूत बाजूला ठेवायला हवी, की संवाद बिघडतो तो फक्त ऑटिस्टिक माणसामुळे. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की अडचण दोन्ही बाजूंची असते: याला त्यांचं कळत नाही, तसं त्यांनाही याचं कळत नाही. २०२० मध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कानगोष्टीच्या खेळासारखी माहिती एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची होती. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत ती तितकीच नीट पोहोचली जितकी फक्त इतरांच्या साखळीत. गळती झाली ती मिश्र साखळीत. तेव्हा जो वर्ग ‘तुमच्या मुलाला दुरुस्त करतो’ या भाषेत बोलतो, त्याच्याकडे जरा संशयानं बघा. आणि घरातल्या चुलत-मामे भावंडांनाही थोडं शिकवायची तयारी ठेवा.

पायरी २: कागदपत्रं बघा, पण त्यासाठी थांबू नका

वर्गाला यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लागत नाही, बहुतेक ठिकाणी निदानाचा कागदही लागत नाही. तरी तो नसेल तर समांतर काम सुरू करा. तपासणीसाठी बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि आयपीएचबी (सरकारी मनोरुग्णालय) आहेत. सेतूसारखी मुलांच्या विकासावर काम करणारी संस्थाही गोव्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी ते वेळेत हातात असलेलं बरं. यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, त्याचीही चौकशी करून ठेवा.

पायरी ३: वर्ग निवडा

बाजारात तीन तऱ्हा दिसतात. एक, ठरलेल्या अभ्यासक्रमाचा गट. दोन, एकट्या मुलाबरोबर थेरपिस्टचं सेशन. तीन, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, ‘आयुष्यभर बघा’ म्हणून विकलेले. तिसऱ्यावर पैसे घालू नका. एकटं बसून व्हिडिओ बघायला या मुलांना शिकवावं लागत नाही.

ठरलेल्या अभ्यासक्रमांत सगळ्यात अभ्यासलेला म्हणजे ‘पीअर्स’. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ लॉगसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी तो किशोरवयीन मुलांसाठी तयार केला. आठवड्याला दीड तास, तीन-चार महिने. मुलांचा गट एकीकडे, त्याच वेळी पालकांचा गट दुसरीकडे, आणि दर आठवड्याला गृहपाठ. संभाषणात देवाणघेवाण कशी करायची, चाललेल्या गप्पांत शिरायचं कसं, निघायचं कसं, फोन-मेसेजचे संकेत, चेष्टामस्करी, चिडवाचिडवी, भांडण मिटवणं, एवढं सगळं त्यात पायऱ्या पाडून शिकवतात. व्हिडिओ कॉलवरूनही तो घेतला जातो. आपल्याकडचे बरेच वर्ग थोडंफार यावरूनच बेतलेले असतात.

त्याच्या गुणांइतकीच मर्यादाही माहीत हवी. अशा गटांच्या चाचण्यांमध्ये मुलांचं ज्ञान वाढलेलं चांगलं दिसतं, म्हणजे ‘काय करायला हवं’ ते त्यांना सांगता येतं. प्रत्यक्ष वागण्यात ते किती उतरतं याचा पुरावा त्या मानानं कमी भक्कम आहे. पालकांचा गट आणि गृहपाठ ही सजावट नाही ती म्हणूनच. पालकांना हाताशी धरण्याचा अनुभव गोव्यातही आहे. संगाथ या गोव्यातल्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या सहभागानं गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत दोन ते नऊ वयाच्या ऑटिस्टिक मुलांबरोबर एक चाचणी झाली. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आईबापांना त्यांचेच मुलाशी खेळतानाचे व्हिडिओ दाखवून मार्गदर्शन केलं. पालकांच्या प्रतिसादात फरक पडला, आणि मुलंही आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. ती मुलं लहान होती, किशोरांना ते जसंच्या तसं लागू करता येणार नाही. पण पालकांच्या जागेला पर्याय नाही, एवढं त्यातून घ्यावं.

पैसे भरण्याआधी फोनवर हे विचारा, आणि उत्तरं लिहून ठेवा:

- वर्ग कोण घेणार? स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे (आरसीआय) असते. आरसीआय नंबर मागायला संकोच करू नका. खरा माणूस रागावत नाही.
- गटात किती जण, कुठल्या वयाचे? आठाच्या वर मुलं असतील तर ते व्याख्यान झालं.
- पालकांसाठी वेगळा वेळ आहे का?
- मुलानं कॅमेरा बंद ठेवला, हात हलवत बसला, उभा राहून फेऱ्या मारल्या, तर तुम्ही काय करता?
- डोळ्यांत बघून बोलायला लावता का?
- सेशन रेकॉर्ड होतं का? ते कोण बघतं, कधी पुसतं?
- एक सेशन बघून ठरवता येईल का?

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाच्या उत्तरांवर मी निवड करते. हात हलवणं, डोलणं हे पुष्कळ मुलांचं स्वतःला सावरण्याचं साधन असतं. ते बंद करायला लावलं की सगळी ताकद त्यातच जाते आणि ऐकायला काही उरत नाही. डोळ्यांचं तर ऑनलाइनमध्ये हसूच येतं. व्हिडिओ कॉलवर समोरच्याला आपण डोळ्यांत बघतोय असं वाटावं म्हणून कॅमेऱ्याकडे बघावं लागतं, आणि कॅमेऱ्याकडे बघितलं की त्याचा चेहराच दिसत नाही. तरी काही ठिकाणी ‘लुक हिअर, लुक हिअर’ चालू असतंच.

‘सहा महिन्यांत नॉर्मल’ असं कुणी सांगितलं तर फोन ठेवून द्या.

मुलगा बोलतच नसेल किंवा दोन-चार शब्दच बोलत असेल, तर गटाच्या वर्गाआधी संवादाचं साधन हवं. चित्रांचा तक्ता, टॅबवरचं ॲप, कीबोर्ड, काहीही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप मोफत आहे आणि मराठीतही चालतं. साधन हाती आलं की तोही गटात बसू शकतो. फक्त आपला मुलगा बटण दाबून बोलेल आणि त्याला वेळ लागेल, हे वर्ग घेणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

पायरी ४: घरची मांडणी

लॅपटॉप किंवा टॅब. मोबाइलवर चेहरे बोटाएवढे दिसतात, नको. माइक असलेले हेडफोन. आवाजाचा त्रास असेल तर कान पूर्ण झाकणारे. जागा अशी की पाठीमागून कुणी जात-येत नाही. खिडकी चेहऱ्यासमोर ठेवा, पाठीमागे नको.

जून ते सप्टेंबर वीज जाणार हे गृहीतच धरा. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम. नसेल तर फोनचं हॉटस्पॉट आधी जोडून तपासून ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लिंक तुटली तर काय, हे मुलाला कागदावर लिहून द्या: ‘१. पाच मिनिटं थांबायचं. २. पुन्हा लिंक दाबायची. ३. नाही जमलं तर आईच्या फोनवरून मेसेज. ४. आज सेशन राहिलं तरी चालतं.’ चौथी ओळ विसरू नका. मध्येच तुटलेल्या सेशनमुळे संध्याकाळभर बेचैन राहिलेली मुलं मला माहीत आहेत. लिहिलेली ओळ समोर असली की बरंच निभतं.

पहिल्या सेशनच्या आधी एकदा घरातल्या घरात कॉल करून बघा. म्यूट करणं, हात वर करणं, चॅटमध्ये लिहिणं, आणि स्वतःचा चेहरा दिसेनासा करणं. हे शेवटचं जरूर शिकवा. स्वतःलाच पडद्यावर बघत बसण्यानं मोठी माणसंही थकतात, आणि बहुतेक ॲपमध्ये ती सोय असते. वर्ग घेणाऱ्याचा फोटो आणि त्या दिवशीचा क्रम आधी मागवून घ्या: काय, किती मिनिटं, सुट्टी कधी.

आणि तुम्ही? शेजारच्या खोलीत. शेजारी बसून ‘सांग ना, सांग ना’ कुजबुजणारी आई सगळ्या गटाला ऐकू येते.

पायरी ५: भाषा ठरवा

इथं गोव्याचं दुखणं वेगळं आहे आणि बाहेरच्या वर्ग घेणाऱ्यांना ते सांगितल्याशिवाय कळत नाही. आपल्या कित्येक मुलांची प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून सगळं इंग्रजी, घरात-वाड्यावर कोंकणी, कार्टूनची हिंदी, आणि यूट्यूबवरून उचललेलं अमेरिकन वळणाचं इंग्रजी. ऑटिस्टिक मुलांपैकी काही जण तर घरात कुणी बोलत नसलेल्या इंग्रजीतच मोकळे होतात, आणि आजी म्हणते, ‘आमचो न्हयच जाल्लो हो!’ एकच भाषा धरा म्हणून मागं लागू नका. ज्या भाषेत त्याला विचार मांडता येतो त्या भाषेत वर्ग, आणि ज्या ठिकाणी वापरायचंय त्या ठिकाणच्या भाषेत सराव.

उदाहरणार्थ, वर्गात ‘हाऊ टु स्टार्ट अ कॉन्व्हर्सेशन’ शिकवलं. उत्तम. पण जत्रेत भेटलेला म्हातारा त्याला ‘हॅलो’ म्हणणार नाही. तो विचारणार, ‘कोणालो रे तूं?’ आपला मुलगा प्रामाणिकपणे स्वतःचं नाव सांगतो आणि गप्प होतो. म्हाताऱ्याला हवं असतं वडिलांचं नाव आणि वाडा. दुपारी कुणी ‘जेवलो?’ म्हटलं की तो जेवणात काय काय होतं ते सांगायला लागतो. पाहुणे निघताना ‘येतो हां’ म्हणतात आणि हा विचारतो, ‘कधी?’ त्याची चूक काहीच नाही, शब्द तेच सांगतात. पण हे असे ठरीव सवाल-जवाब आपल्याकडे शंभरेक असतील, आणि ते कुठल्याच अमेरिकन अभ्यासक्रमात नाहीत. घरात एक वही करा. डावीकडे लोक काय म्हणतात, उजवीकडे त्याचा अर्थ काय आणि दोन उत्तरं. भरायला आजीला बसवा. तिला गंमत वाटते आणि तिचं त्याच्याशी बोलणंही बदलतं.

तसंच ‘मित्राला घरी बोलावण्या’चं. बाहेरच्या अभ्यासक्रमात आधी फोन, मग वेळ ठरवणं, किती वाजता यायचं आणि जायचं हेही ठरलेलं. आपल्याकडे पोरं हाक मारून सरळ आत येतात. ऑटिस्टिक मुलाला पहिली पद्धत कितीतरी सोयीची असते. मग ती ठेवा की! शेजारच्या आईला सांगा, ‘रविवारी चार ते साडेपाच पाठवा, आधी फोन करा.’ कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

पायरी ६: गृहपाठ पडद्याबाहेर न्या

एका आठवड्याला एकच गोष्ट. समजा विषय आहे ‘चाललेल्या गप्पांत शिरणं’. वर्गात पायऱ्या अशा शिकवतात: जरा लांबून ऐका, विषय काय ते ओळखा, आपल्याला त्यातलं काही माहीत आहे का ते बघा, बोलण्यात खंड पडला की जवळ जा, त्याच विषयावर एक वाक्य बोला, आणि त्यांनी जागा दिली नाही तर मुकाट निघा. शेवटची पायरी सगळ्यात मोलाची. जागा न मिळणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

याचा सराव आधी दोन भावंडांबरोबर घरात, मग व्हिडिओ कॉलवर मामेभावांच्या गप्पांत, मग वाड्यावर. उडी एकदम मैदानावर नको.

बाहेरच्या सरावासाठी सोप्या जागा निवडा, जिथं बोलणं ठरलेलं आणि छोटं असतं. पोदेराकडून पाव घेणं. कदंबच्या पणजी-मडगाव शटलचं तिकीट खिडकीवर काढणं: रांग, ठिकाणाचं नाव, पैसे, संपलं. हे साध्या बसपेक्षा सोपं, कारण साध्या बसमध्ये कंडक्टर गर्दीत मागून येऊन खांद्यावर हात ठेवून विचारतो आणि अचानक झालेला स्पर्श काहींना सहन होत नाही. साधी बस नंतर.

मुलाला ज्याचं वेड आहे तिथून सुरुवात केली तर निम्मं काम होतं. बुद्धिबळ, बसचे नंबर, पक्षी, घुमट, फुटबॉलचे निकाल, काहीही चालेल. एका मुलाला झाडांची नावं पाठ. चवथीला त्याच्या घरच्यांनी माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या रानफळांच्या चौकटीचं) काम त्याच्याकडे दिलं: आलेल्या पाहुण्यांना कुठलं फळ कुठलं ते दाखवायचं. वर्गातून नियम घेतला होता की दोन फळं सांगितली की समोरच्याला एक प्रश्न विचारायचा, ‘तुमच्याकडे माटोळीला काय बांधतात?’ लोक खूश होऊन सांगत बसले. देवाणघेवाण म्हणजे हीच, आणि त्याला ती आवडली कारण विषय त्याचा होता. फटाके आणि आरतीची झांज सुरू होण्याआधी त्याला आतल्या खोलीत जायची मुभा होती, हेही सांगायला हवं. तशी मुभा नसती तर माटोळीपर्यंत गोष्ट गेलीच नसती.

मेसेजचे नियम वेगळे शिकवा, कारण या वयात निम्मी मैत्री फोनवरच असते. उत्तर आलं नाही तर फार तर दोन मेसेज, मग थांबायचं. ग्रुपवर एखाद्याची चूक सगळ्यांसमोर सुधारायची नाही, ती बरोबर असली तरी. (हा नियम मी काही काकांनाही शिकवेन.) रात्री दहानंतर फोन नाही. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पुढं पाठवायचा नाही.

पायरी ७: ‘नाही’ म्हणायला शिकवा

संवाद-वर्गांचा कल मुलाला गोड, आज्ञाधारक करण्याकडे असतो. त्यात धोका आहे. सगळ्यांचं ऐकणाऱ्या, शब्दशः विश्वास ठेवणाऱ्या मुलाला फसवणं सोपं. अभ्यासक्रमात नकार, तक्रार आणि मदत मागणं नसेल तर ते घालायला सांगा.

चिडवणं आणि छळ यांत फरक करायला शिकवा. चिडवण्यावर एक छोटं, कंटाळलेलं उत्तर आणि चालू पडणं: ‘बरं, मग?’ रडून किंवा स्पष्टीकरण देऊन चिडवणाऱ्याला मजा येते. मारणं, वस्तू काढून घेणं, रोज कोपऱ्यात गाठणं, कपड्यांत हात घालणं यावर उत्तर द्यायचं नाही. मोठ्यांना सांगायचं, आणि कोणाला ते नाव घेऊन ठरवून ठेवायचं. शाळेत एक, घरी एक. ऑनलाइनसाठी तीन शब्दांचा नियम पुरतो: पैसे, फोटो, गुपित. यातलं काहीही कुणी मागितलं किंवा ‘घरी सांगू नकोस’ म्हटलं, की लगेच घरी. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी १९३०. दोन्ही नंबर त्याच्या फोनमध्ये नावानिशी ठेवा.

मुलींचं निदान बऱ्याचदा उशिरा होतं, कारण त्या इतर मुलींची नक्कल करून निभावून नेतात. शाळेत ‘शांत, गुणी’ आणि घरी आल्यावर दार लावून रडणं, असं दिसतं. अशा मुलीला वागायचे आणखी नियम शिकवणारा वर्ग म्हणजे तिच्यावर आणखी ओझं. तिला नक्कल कुठं सोडता येईल हे शिकवणारा गट हवा. शक्यतो दुसऱ्या ऑटिस्टिक मुली असलेला. मासिक पाळी, स्पर्श, संमती हे विषयही तिच्याशी सरळ शब्दांत बोला. आडून सांगितलेलं पोहोचत नाही. मुलग्यांशीही बोलाच.

पायरी ८: चाललंय ते बरं की वाईट, कसं ओळखायचं

वर्गाकडून येणारा अहवाल बाजूला ठेवा. पायरी १ मधली दोन-तीन वाक्यं काढा आणि महिन्यातून एकदा मुलालाच विचारा: पहिल्यापेक्षा सोपं, तसंच, की कठीण? तुम्ही स्वतः एवढंच टिपा: गृहपाठ न सांगता कधी वापरला, कुणाबरोबर, आणि त्यानंतर तो कसा होता.

‘त्यानंतर’ हा शब्द महत्त्वाचा. सेशनच्या आदल्या रात्री झोप न लागणं, त्या दिवशी पोट दुखणं, सेशननंतर तासन्‌तास गप्प होणं किंवा मेल्टडाउन (ताण असह्य होऊन ताबा सुटणं), पूर्वी बोलायचा तेवढंही न बोलणं, हे दिसलं तर वर्ग घेणाऱ्याशी बोला. दोन आठवड्यांत फरक नसेल तर थांबा. आपलं ऑटिस्टिकपण लपवत राहण्याचा संबंध चिंता आणि नैराश्याशी असल्याचं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि बाहेरून ती मुलं ‘सुधारल्यासारखी’ दिसतात. मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोललं तर ती कधीही हलक्यात घेऊ नका. टेलिमानस १४४१६ वर फोन लागतो, आणि बांबोळी आहेच.

शाळेला काय सांगायचं

वर्गशिक्षकांना एक पान द्या. अर्ध्या पानात त्याला काय जमतं, कशानं बिथरतो, तेव्हा काय करायचं; उरलेल्या अर्ध्यात या महिन्याचा एकच सराव. ‘सर, या महिन्यात तो शंका विचारायला हात वर करायचा सराव करतोय, केला तर आधी त्याला घ्या.’ एवढं शिक्षक करतात. दहा पानांचा अहवाल दिला तर तो कपाटात जातो. मधल्या सुट्टीत समान आवडीचं एखादं टेबल, बुद्धिबळ किंवा चित्रकला, सुरू करता आलं तर वर्गातल्या इतर मुलांनाही त्याच्याशी बोलायला निमित्त मिळतं.

वर्ग संपल्यावर

तीन-चार महिन्यांनी लिंक बंद होते आणि ज्या पाच जणांची सवय झाली होती ते एकदम नाहीसे होतात. हे मुलांना फार लागतं आणि अभ्यासक्रमात त्याची सोय नसते. म्हणून शेवटच्या दोन सेशनच्या आधीच इतर पालकांशी बोलून घ्या. मुलांची इच्छा असेल तर महिन्यातून एकदा तासभराचा कॉल चालू ठेवा, शिकवण्याविना, एखाद्या खेळाभोवती. पाळीपाळीनं एका पालकानं लिंक काढायची आणि पहिली पाच मिनिटं थांबून बाजूला व्हायचं. जवळपास राहणाऱ्यांनी एकदा प्रत्यक्ष भेटावं; पणजीत २०२३ पासून पर्पल फेस्ट भरतोय, तिथं मोठी झालेली ऑटिस्टिक माणसंही भेटतात, आणि आपल्या मुलापुढं काय काय असू शकतं ते त्यांच्याकडून कळतं. जाताना हेडफोन घ्या, गर्दी असते. वर्ग घेणाऱ्याकडून मुलाच्या टिपणांची प्रत आणि, रेकॉर्डिंग झालं असेल तर, ते पुसल्याचा लेखी मेसेज मागून ठेवा.